तेलाचा दाब की विजेची मोटार?

हमरस्त्याच्या कडेला चाक काढून उभा असलेला मालट्रक तुम्ही पाहिला असेल. आसाखाली बाटलीच्या आकाराचा एक ठेंगणा जॅक लावलेला असतो. क्लीनर एक दांडा वरखाली करत राहतो आणि कित्येक टनांचा तो ट्रक बोटबोट वर चढतो. पण यानंतर जाणता क्लीनर काय करतो, हे फार थोडे जण पाहतात. ट्रक उचलून झाला की तो आसाखाली दगड किंवा लाकडाचे ठोकळे रचून ठेवतो. का, असे विचारले तर ‘जॅक बसतो,’ एवढेच सांगून तो पुढच्या कामाला लागतो. त्याचे म्हणणे खरे असते. जुन्या जॅकवर ट्रक रात्रभर ठेवला, तर सकाळी तो चार बोटे खाली आलेला दिसतो. आतल्या तेलाने कुठून तरी वाट काढलेली असते.

मोटारगाडीच्या डिकीत असतो तो जॅक वेगळ्या जातीचा. त्यात तेल नसते, लांब मळसूत्र असते. ते फिरवताना घाम फुटतो, पण गाडी जिथे नेऊन ठेवली तिथेच राहते. दांडा काढून घ्या, चहा पिऊन या, गाडी जागची हललेली नसते.

हा फरक ध्यानात ठेवा. आज आपण एका छोट्या विमानाची चाके आत ओढून घेण्याची व्यवस्था कशी करावी, याचा विचार करणार आहोत. तिथेही प्रश्न या दोन जॅकमधलाच आहे. मात्र आकाशात आसाखाली दगड रचायला कोणी उतरू शकत नाही.

घरी बांधलेले विमान

विमान घरी बांधता येते हे प्रथम ऐकताना थट्टाच वाटते. परंतु अमेरिकेत पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली अशा हौशी विमानबांधकांची ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संघटना सुरू केली. आज विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश येथे तिचा उन्हाळी मेळावा भरतो, तेव्हा हजारो विमाने तिथे येऊन उतरतात. तिथल्या नियमानुसार विमानाच्या कामाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी व्यक्तीने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून स्वतः केलेला असावा लागतो. कोणी नुसते आराखडे विकत घेतो, कोणी सुट्या भागांचा संच आणून वर्षानुवर्षे जोडत बसतो. आपल्याकडेही मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली ते मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ठेवले होते आणि २०१७ साली त्याची अधिकृत नोंदणी झाली.

मोठ्या कारखान्यात प्रत्येक नळीमागे आणि प्रत्येक तारेमागे अभियंत्यांची फौज उभी असते. घरी बांधणाऱ्याजवळ वह्या, पुस्तके, अनुभवी मित्रांचा सल्ला आणि स्वतःची बुद्धी एवढेच असते. शिवाय आपण घेतलेल्या निर्णयावर बसून तो स्वतःच उडणार असतो. त्यामुळे ‘तेल की वीज’ हा प्रश्न त्याच्या दृष्टीने पुस्तकी राहत नाही.

चाके आत कशासाठी?

जमिनीवर उपयोगी पडणारी चाके हवेत नुसता अडथळा असतात. हवेचा अडथळा, म्हणजे रोध, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १६० किलोमीटरने जाणाऱ्या विमानाचा वेग दुप्पट केला, तर लोंबणाऱ्या चाकांचा रोध चौपट होतो. त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती तर आठपट होते, कारण शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. म्हणून सावकाश उडणाऱ्या विमानाला चाके बाहेर ठेवणे परवडते, वेगवान विमानाला ती आत घ्यावीशी वाटतात.

‘वाटतात’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांच्या आरव्ही मालिकेतील दहा हजारांहून अधिक विमाने लोकांनी घरी बांधून उडवली आहेत, आणि त्यांची चाके आत जातच नाहीत. चाकांवर निमुळती आवरणे चढवून रोध बराच कमी करता येतो, आणि जी यंत्रणा बसवलेलीच नाही ती बिघडण्याचा प्रश्न येत नाही. पहिलेच विमान बांधणाऱ्याला माझा सल्ला असाच राहील. पण समजा आपल्या बांधकाला चाके आत घ्यायचीच आहेत. मग पुढे काय?

किती जोर लागेल?

कोणताही निर्णय घेण्यापूर्वी आकडे मांडावेत. खालचे आकडे एका काल्पनिक विमानाचे आहेत, पण प्रमाण वास्तवाला धरून आहे.

चाकासह एका पायाचे वस्तुमान १२ किलोग्रॅम धरू. त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून ४० सेंटिमीटरवर आहे. पाय आडवा होत आला की त्याला खाली फिरवू पाहणारे परिबल १२ × ९.८ × ०.४, म्हणजे सुमारे ४७ न्यूटन-मीटर होते. हवेचा जोर आणि घर्षण यांसाठी दुप्पट धरून १०० मानू. पाय ओढणारा दांडा बिजागरीपासून अवघ्या ५ सेंटिमीटरवर जोडलेला असतो, कारण पंखाच्या पोटात जागाच तेवढी असते. म्हणून त्याला १०० भागिले ०.०५, म्हणजे २,००० न्यूटन बल लावावे लागेल. हे दोनशे किलोग्रॅमच्या वजनाइतके झाले! मात्र हे बल थोड्याच अंतरावर लावायचे आहे. पाय काटकोनातून फिरतो तेव्हा दांडा सुमारे ७ सेंटिमीटर सरकतो. म्हणून एका पायाचे कार्य २,००० × ०.०७, म्हणजे १४० ज्यूल, आणि तीन पायांचे ४२० ज्यूल.

हा आकडा नीट पाहा. दहा मीटर खोल विहिरीतून १२ लिटरची बादली शेंदायला जवळजवळ १,२०० ज्यूल कार्य करावे लागते. विमानाची तिन्ही चाके आत घेणे हे त्याच्या जेमतेम एक तृतीयांश काम! मूनी नावाच्या विमानाच्या जुन्या नमुन्यांत वैमानिक एक लांब दांडा हाताने ओढूनच चाके आत घेत असे, यात नवल वाटायला नको.

बॅटरीवर किती ताण पडेल? १२ व्होल्टच्या आणि २० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत १२ × २० × ३,६००, म्हणजे साडेआठ लाखांवर ज्यूल ऊर्जा असते. यंत्रणेत निम्म्याहून अधिक ऊर्जा वाया गेली, तरी ही बॅटरी चाके शेकडो वेळा वरखाली करू शकेल. तेव्हा ऊर्जा पुरेल की नाही, हा आपला प्रश्न नव्हेच.

तेलाने कसे करतात

सिलिंडरमध्ये दट्ट्या बसवलेला असतो. पंप तेलावर दाब देतो. पास्कलच्या नियमाप्रमाणे हा दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो आणि दट्ट्यावर दाब गुणिले क्षेत्रफळ एवढे बल पडते. छोट्या विमानांत ७० बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या ७० पट दाब वापरणे अवघड नाही. मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबाच्या हा सुमारे तीसपट होतो. ७० बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ७०० न्यूटन. आपल्याला २,००० न्यूटन हवे आहेत, म्हणून क्षेत्रफळ तीन चौरस सेंटिमीटरांच्या आतच पुरते. दट्ट्याच्या दांड्याने काही जागा व्यापली जाते, तेवढी वाढवून धरली तरी दट्ट्या रुपयाच्या नाण्याहून फारसा मोठा होत नाही. एवढ्याशा गोष्टीतून दोनशे किलोग्रॅमच्या वजनाइतका जोर! तेलाचे खरे आकर्षण इथेच आहे. जोर जिथे हवा तिथे फक्त एक सडपातळ नळकांडे बसवायचे. पंप, मोटार आणि तेलाची टाकी हा जाड पसारा दूर कुठेतरी आसनामागे ठेवता येतो.

इथे एक गैरसमज दूर करू. अशा विमानातील ‘हायड्रॉलिक’ व्यवस्था विजेवाचून चालते असे पुष्कळांना वाटते. पण तिथला पंप बहुधा विजेची मोटारच फिरवते. पायपर कंपनीने १९६७ साली ‘ॲरो’ या विमानात अशी विद्युत्-द्रवचालित जोडी वापरली. १९८० च्या दशकात लान्स नायबॉअर यांनी लॅन्सेअर ही वेगवान विमाने संचाच्या रूपाने घरी बांधणाऱ्यांपुढे आणली, तेव्हा त्यांतही हीच रचना होती. म्हणजे एकीकडे विजेची मोटार आणि तेल, आणि दुसरीकडे विजेची मोटार आणि मळसूत्र, अशी ही तुलना आहे.

मळसूत्राने कसे करतात

प्रत्येक पायाशी एक छोटी मोटार ठेवायची. दंतचक्रांनी तिचा वेग उतरवायचा आणि मळसूत्र फिरवून त्यावरची नट पुढेमागे सरकवायची. तेल नाही, टाकी नाही, गळती नाही. पाय टोकाला पोहोचला की तिथली एक छोटी कळ दाबली जाते आणि मोटार थांबते.

बर्ट रुटान यांचे ‘लाँग-ईझी’ हे विमान १९७९ साली प्रथम उडाले आणि घरी बांधणाऱ्यांत फार लोकप्रिय झाले. त्याचे मागचे दोन पाय पक्के असतात, फक्त पुढचे चाक आत जाते. मूळ आराखड्यात ते हाताच्या दांड्याने फिरवायचे होते. दांड्यावर मळसूत्र आणि त्यात गुंतलेले दंतचक्र, म्हणजेच ज्याला वर्म गिअर म्हणतात ते. जमिनीवर उभे करताना पुढचे चाक आत घेऊन विमानाचे नाक भुईला टेकवून ठेवतात, कारण आसनावर माणूस नसला की ते मागे कलंडण्याचा धोका असतो. पुढे अनेकांनी दांड्याच्या जागी मोटार बसवली, पण वर्म गिअर ठेवला.

तो ठेवण्याचे कारण आपल्या डिकीतल्या जॅकमध्ये आहे. मळसूत्र दांड्याने फिरते, पण गाडीच्या भाराने उलटे फिरत नाही. आट्यांमधले घर्षण भाराला अडवून धरते. याची एक किंमत मात्र द्यावी लागते, आणि तिचा हिशेब तुम्ही स्वतः मांडू शकता. समजा भार उचलताना उपयुक्त कार्य १०० ज्यूल झाले. तोच भार खाली येताना १०० ज्यूल द्यायला तयार असतो, तरीही मळसूत्र हलत नाही. म्हणजे घर्षणावर मात करायला १०० ज्यूलही पुरत नाहीत. घर्षण दोन्ही दिशांना सारखेच धरले, तर उचलतानाही घर्षणात १०० ज्यूलहून अधिक गेले असणार. म्हणून एकूण २०० ज्यूलहून अधिक खर्चून १०० ज्यूलचे काम होते. जे मळसूत्र स्वतःच भार धरून ठेवते, त्याची कार्यक्षमता ५० टक्क्यांपेक्षा कमीच असते. शिक्षकांनी हा प्रश्न वर्गात जरूर घालावा. जे घर्षण आपण वाया गेले म्हणतो, तेच इथे कुलपाचे काम करते.

तराजूत काय दिसते?

बांधक बहुधा पहिला प्रश्न वजनाचा विचारतो. तो सोडवून टाकू.

मोटार किंवा पंप आसनाजवळ आणि पाय तीन मीटरवर आहे असे मानू. मळसूत्राची कार्यक्षमता ३० टक्के आणि चाके आत जाण्याचा वेळ ८ सेकंद धरला, तर प्रत्येक मोटार चालताना ५ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेईल. सुरू होतानाचा झटका मात्र २० अँपिअरपर्यंत धरावा. दोन चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार घेतली, तर जाऊनयेऊन सहा मीटर तारेत २० अँपिअरला सुमारे १ व्होल्ट खर्ची पडतो. बारापैकी एक गेला, चालेल. या तारेतील तांबे १०७ ग्रॅम भरते. धातूच्या विमानात परतीचा प्रवाह सांगाड्यातून नेता येतो, पण काचतंतूंच्या विमानाला परतीची तारही लागते, म्हणून मी दोन्ही धरल्या आहेत.

तेलासाठी दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना एकेक नळी हवी, म्हणजे सहा मीटरच. साडेसहा मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची नळी आतल्या तेलासह दर मीटरला सुमारे ५५ ग्रॅम भरते. एकूण ३३० ग्रॅम. तारा दर पायामागे सव्वादोनशे ग्रॅमने जिंकल्या! पण टाळ्या वाजवण्यापूर्वी नळीच्या टोकाशी काय आहे ते पाहा. तिथे एक पोकळ नळकांडे आहे. तारेच्या टोकाशी मात्र मोटार, दंतचक्रांची पेटी आणि मळसूत्र आहे, आणि तेही तीन ठिकाणी. दर पायाशी ही जोडणी नळकांड्यापेक्षा सव्वादोनशे ग्रॅमने जड झाली, की तारांचा फायदा संपला. उलट पंप आणि टाकी यांचे वजन फक्त तेलाच्या पारड्यात पडते. दोन्ही पारडी अशी हेलकावत राहतात, आणि छोट्या विमानात तरी वजनावरून निकाल लागत नाही.

दोन दिवे लागले, तिसरा लागला नाही

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. वैमानिकासमोर तीन छोटे हिरवे दिवे असतात, प्रत्येक पायाला एक. पाय पूर्ण खाली येऊन पक्का झाला की त्याचा दिवा लागतो. संध्याकाळ होत आली आहे, धावपट्टी समोर दिसते आहे. वैमानिकाने चाके खाली करण्याची कळ फिरवली. दोन दिवे लागले, तिसरा लागला नाही. एक पाय खाली नसताना विमान टेकवले, तर पंख जमिनीला घासतो आणि विमान गरकन फिरते. अशा वेळी निर्जीव झालेली यंत्रणा पायाला कुठे सोडते, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

लॅन्सेअर ३२० आणि ३६० यांची रचना घ्या. चाके वर असतात ती केवळ तेलाच्या दाबावर. दाब उतरला की पाय आपल्याच वजनाने खाली येऊ पाहतात. वैमानिकाजवळ हाताने उघडायची एक झडप असते. बॅटरी संपो, मोटार जळो, पंप अडको, झडप उघडली की तेलाला वाट मिळते आणि गुरुत्वाकर्षण पाय खाली आणते. ट्रकवाल्याला नको असलेला जॅकचा ‘बसण्याचा’ दोष इथे वैमानिकाच्या कामी येतो. पाय खाली आला की एक सांधेजोड दांडा सरळ होऊन किंचित पलीकडे झुकतो आणि अडकतो. तुम्ही ताठ उभे राहता तेव्हा गुडघा सरळ होतो आणि मांडीच्या स्नायूंना फार जोर लावावा लागत नाही, तसेच हे. क्लीनरच्या दगडांची जागा या सांध्याने घेतली आहे, कारण जमिनीवर विमानाचा भार तेलावर सोपवायचा नसतो. जो पाय पुढच्या दिशेने उघडतो त्याला समोरच्या हवेचा झोत मागे ढकलतो. म्हणून तिथे वायू भरलेल्या स्प्रिंगची मदत देतात.

मळसूत्राचे काय? ते आपले कुलूप सोडत नाही. मोटार बंद पडली की पाय असेल तिथेच राहतो, अर्ध्यावर असेल तर अर्ध्यावर. म्हणून विजेच्या व्यवस्थेला हाताने फिरवण्याची सोय जोडावीच लागते. बीचक्राफ्ट कंपनीचे ‘बोनान्झा’ १९४७ पासून कारखान्यात तयार होऊ लागले. त्याची चाके विजेच्या मोटारीवर चालतात, आणि मोटार बंद पडली तर आसनामागचा दांडा सुमारे ५० वेळा फिरवून ती खाली आणता येतात. एका हाताने विमान सांभाळत, मागे वळून पन्नास फेरे! जमते, पण करमणूक नव्हे. शिवाय बोनान्झात एकच मोटार तिन्ही पाय हलवते, म्हणून एकच दांडा पुरतो. आपल्या बांधकाने प्रत्येक पायाशी वेगळी मोटार ठेवली, तर हाताने फिरवायची सोय तिघांना द्यावी लागेल. दंतचक्रात खडा किंवा तुटलेला दात अडकला, तर दांडाही फिरणार नाही.

तेलाचे अवगुण

यावरून तेल निर्दोष आहे असे समजू नका. वर असलेले पाय दाबावर तरंगत असतात. दट्ट्याच्या कडेची रबरी कडी जराशी झिजली, की तेल एका बाजूकडून दुसरीकडे झिरपते आणि दाब हळूहळू उतरतो. त्यासाठी दाबावर चालणारी एक कळ असते. दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की ती पंप सुरू करते आणि दाब भरून आला की थांबवते. अनुभवी वैमानिक त्या आवाजावर कान ठेवतो. तासाभरात एखादा ‘घर्र’ ऐकू आला तर ठीक. तो दर दोन मिनिटांनी येऊ लागला, तर कुठेतरी गळती वाढते आहे.

दुसरी गोष्ट उष्णतेची. कोंडलेले तेल तापले तर ते प्रसरण पावू पाहते, आणि द्रव फारसे दाबले जात नाहीत. नळी मुळीच फुगत नाही असे धरले, तर तापमानातील एका अंशाच्या वाढीने दाब सुमारे १० बारने चढतो. थंड उंचीवरून तापलेल्या मैदानाकडे उतरताना असे वीस अंश सहज वाढतात. नळी थोडी फुगते म्हणून प्रत्यक्ष दाब कमी चढतो, तरीही जादा दाब सोडणारी झडप न बसवणे हा वेडेपणा ठरेल.

तिसरा अवगुण आगीचा. छोट्या विमानांत पुष्कळ वर्षे वापरले जाणारे लाल रंगाचे खनिज तेल ८२ अंश सेल्सिअसच्या पुढे पेट घेण्याजोगी वाफ देऊ लागते. ब्रेकच्या तापलेल्या तबकडीवर ते ठिबकले, तर आग लागू शकते. अधिक तापमान सोसणारी कृत्रिम तेले आता मिळतात, त्यांची ही मर्यादा दोनशे अंशांच्या पुढे आहे.

आणि एक गंमत. तिन्ही सिलिंडर एकाच पंपाला जोडलेले असले, तरी पाय एकाच वेळी वर जात नाहीत. ज्याचा विरोध सर्वांत कमी, त्याच्याकडे तेल आधी धावते. तो पाय टोकाला पोहोचला की दुसरा निघतो. प्रथम पाहणाऱ्याला वाटते यंत्र बिघडले, पण ते पास्कलच्या नियमाप्रमाणेच वागत असते.

एकाच विमानात दोन्ही

आतापर्यंत आपण फक्त चाकांचा विचार केला. त्याच विमानातील इतर कामांना हीच कसोटी लावली की उत्तर बदलते.

पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर खाली वळणाऱ्या पट्ट्या असतात, त्यांना फ्लॅप म्हणतात. सावकाश उतरताना त्या जादा उचल देतात. त्यांची यंत्रणा बंद पडली, तर फ्लॅप असतील तिथेच राहावेत हे बरे. ते अचानक सुटून वर गेले, तर जमिनीजवळ उचल एकदम घटेल. एकाच बाजूचा सुटला, तर विमान कुशीवर वळेल. म्हणजे इथे मळसूत्राचे कुलूपच हवे. एक मोटार, एक मळसूत्र, आणि दोन्ही फ्लॅपना जोडणारी एक आडवी नळी, म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच हलतात. आरव्ही विमानांत विजेवर चालणारे फ्लॅप रूढ आहेत.

शेपटीवरच्या छोट्या समतोल-पट्टीला, म्हणजे ट्रिमला, लहानशी मोटार पुरते. परंतु विजेचा एक खास दोष इथे दिसतो. तिची कळ चिकटून बसली, तर मोटार थांबायचे सोडून फिरतच राहते. म्हणून तिचा प्रवाह तोडणारी वेगळी कळ वैमानिकाच्या हाताशी हवी.

आणि ब्रेक? इथे तेलच, पण पंपाशिवाय. वैमानिकाचा पाय हाच पंप. पायाने ३०० न्यूटन जोर दोन चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर दिला, की १५ बार दाब तयार होतो. चाकाजवळचा दट्ट्या दहा चौरस सेंटिमीटरचा असेल, तर तिथे १,५०० न्यूटन बल मिळते. बॅटरी मेलेली असली तरी ब्रेक लागतो, आणि किती लागला हे पायाला कळते. फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. पूर्ण दाबताना पाय दोन घन सेंटिमीटर तेल ढकलतो असे धरा. नळीत एक घन सेंटिमीटर हवा राहिली असेल, तर बॉइलच्या नियमाप्रमाणे ती दबून सोळाव्या हिश्श्यावर येते, आणि पायाची निम्मी चाल तिला दाबण्यातच संपते.

मोठ्या विमानांतही ही विभागणी बदलते आहे. २०११ साली प्रवासी सेवेत आलेल्या बोइंग ७८७ चे ब्रेक विजेचे आहेत, पण त्याची चाके मात्र तेलाच्या दाबानेच आत जातात. विजेच्या ब्रेकवर लक्ष ठेवायला तिथे संगणक आहेत आणि वीज पुरवायला एकाहून अधिक जनित्रे आहेत. आपल्या बांधकाजवळ बहुधा एक बॅटरी आणि एक जनित्र. म्हणून ७८७ ने वीज निवडली तर मीही निवडतो, हा युक्तिवाद त्याने करू नये.

माझे मत विचाराल, तर आत जाणाऱ्या चाकांसाठी मी तेल निवडीन, हाताने उघडायच्या झडपेसह आणि खाली पक्के अडकणाऱ्या सांध्यासह. लाँग-ईझीसारखे एकच हलके चाक असेल, तर मात्र वर्म गिअर आणि हाताचा दांडा यांहून अधिक काही नको. आणि काहीही बसवले, तरी उड्डाणापूर्वी विमान जॅकवर चढवून, वीज तोडून, चाके खाली येतात की नाही हे पुन्हा पुन्हा पाहीन. त्या जॅकखाली ठोकळेही रचीन.

हे करून पाहा

सुई नसलेल्या दोन पिचकाऱ्या घ्या, एक ५ मिलिलिटरची आणि एक २० मिलिलिटरची. त्यांना जोडायला औषधाच्या दुकानात मिळणारी सलाइनची नवी नळी चालेल. सर्व पाण्याने भरा, बुडबुडा राहू देऊ नका. मोठी पिचकारी उभी धरून तिच्या दट्ट्यावर एक जाड पुस्तक ठेवा आणि छोटीचा दट्ट्या दाबा. पुस्तक किती वर गेले आणि तुमचा दट्ट्या किती सरकला, दोन्ही पट्टीने मोजा. मग मुद्दाम थोडी हवा आत घेऊन हाच प्रयोग पुन्हा करा. शेवटी तेच पुस्तक टेबलाच्या कडेशी अडकवलेल्या शिकंज्याच्या मळसूत्रावर तोलून उचला.

आता दोन्ही ठिकाणचा हात काढून घ्या. पिचकारीवरचे पुस्तक खाली येईल, मळसूत्रावरचे तसेच राहील. पिचकारीवरचे पुस्तक खाली यायला किती सेकंद लागले ते लिहून ठेवा, आणि नळी बोटाने चिमटीत धरली तर तो वेळ किती वाढतो तेही पाहा.